लष्कर सोडावे काय?

ग्वाल्हेरच्या मराठी माणसास "आपण राहता कोठे?" असे कोणी विचारले, तर तो सहज "लष्करात" असे सांगून मोकळा होतो, आणि पुण्या-नाशिकाकडील पाहुणा त्याच्याकडे एकदम आदराने पाहू लागतो. सैन्यातले लष्कर नव्हे, गावाचे नाव लष्कर, हे मग समजावून द्यावे लागते. आमच्या घरी हे काम निदान पाच पिढ्या चालू आहे. यंदा मात्र घरात एक निराळाच प्रश्न उभा राहिला. लष्कर सोडून मुरारला राहावयास जावे की न जावे? अंतर म्हणाल तर महाराज बाड्यापासून सहा-सात किलोमीटर. पुण्या-मुंबईच्या माणसास यात विचार करण्याजोगे काय आहे, असे वाटेल. तेथे लोक रोज नोकरीसाठी याच्या कितीतरी पट अंतर कापतात. पण आमच्या घरी या सहा-सात किलोमीटरांनी सहा-सात महिने घेतले.

प्रश्न निघाला तो जिन्यामुळे. आमचा वाडा चिटणिसांच्या गोठेपासून फार दूर नाही. दगडी जिन्याच्या बावीस पायऱ्या, प्रत्येक पायरी गुडघाभर उंच. ज्यांनी तो बांधला त्यांना घोड्यावर बसण्याची सवय असावी. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. गेल्या थंडीत त्यांना दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली आणले आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीपर्यंत तशाच खुर्चीतून नेले. गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. त्या दिवशी परत आल्यावर आम्ही उभयतांनी प्रथमच एकमेकांस जे म्हटले, ते आजवर मनातच होते. मुले बाहेर आहेत, एक पुण्यास, एक बंगळूरास. वाड्याचे निम्मे खण चुलत घरांच्या कुलपात आहेत. पावसाळ्यात ज्या खोलीस कुलूप त्याच खोलीचे छप्पर प्रथम गळते, असा आमचा अनुभव आहे.

घर सोडण्याचा विचार म्हणून इतका जड का जावा, हे सांगण्यासाठी लष्कराची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. आमच्या मासिकाच्या बहुतेक वाचकांना ती ठाऊक असेल, तरी बडोदे-नागपूरकडील मंडळींसाठी सांगतो.

महादजी शिंद्यांच्या वेळी शिंदेशाहीचे ठाणे उज्जैनीस होते. ग्वाल्हेरचा किल्ला १८०५ च्या तहाने शिंद्यांकडे परत आला, आणि १८१० साली दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला. तळ म्हणजे तंबू, राहुट्या, बाजार, हत्तीखाने, सारे आलेच. असे तळ या सैन्याने शेकडो दिले आणि उठवले होते. टॉमस ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दौलतरावांच्या छावणीतून १८०९ साली लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहेत. चालते-फिरते शहर म्हणजे काय, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी ती वाचावीत. हा १८१० चा तळ मात्र उठला नाही. तंबूंच्या जागी मातीच्या भिंती आल्या, मातीच्या जागी ग्वाल्हेरचा फिकट पिवळा दगड आला, जाळीच्या खिडक्या आल्या, आणि लष्कराचे शहर झाले. नाव बदलण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

हे शहर आजही आपल्या मोहल्ल्यांच्या नावांतून तळच ठोकून बसले आहे. निंबाळकरांची गोठ, बक्षींची गोठ, चिटणिसांची गोठ. ही 'गोठ' म्हणजे आपला 'गोट', त्या त्या सरदाराच्या मंडळींनी राहुट्या ठोकल्या ती जागा. हिंदी जिभेवर त्याचा 'ट' जाऊन 'ठ' झाला आणि नवख्या मराठी पाहुण्यास तेथे गुरे बांधत असावेत असे वाटते. कंपू हे दुसरे नाव. कवायती पलटणींस कंपू म्हणत. आज मराठीत कंपू म्हणजे कुजबुजणाऱ्यांची टोळी, पण लष्करात कंपू म्हणजे टेकडीवरच्या मांढऱ्यांच्या मातेखालचा भाग. जिन्सी म्हणजे तोफखाना. शिंद्यांची छावणी आहेच. स्टेशनाजवळचा पडाव म्हणजे मुक्काम. दौलतगंज आणि जनकगंज धन्यांच्या नावाचे, खासगी बाजार धन्यांच्या खाजगीकडचा, फाळक्यांचा बाजार सरदाराच्या नावाचा. ज्या गावाच्या प्रत्येक गल्लीचे नाव 'उद्या निघावयाचे आहे' असे सांगते, त्या गावात माणसे दोनशे वर्षे हलली नाहीत, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

मुरारचीही अशीच गोष्ट आहे, पण ती दुसऱ्या बाजूची. मुरार किल्ल्याच्या पूर्वेस, नदीच्या काठी. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. पुढल्या वर्षीच्या तहाने शिंद्यांच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली एक फौज ठेवण्यात आली, तिची छावणी मुरारला पडली. याच फौजेने १८५७ च्या जूनमध्ये बंड केले. पुढल्या जूनमध्ये ह्यू रोझने मुरार घेतले, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांतच कोटा-की-सराय येथील लढाईत झाशीच्या राणी पडल्या. मग मुरारला गोऱ्या पलटणी राहिल्या त्या १८८६ पर्यंत. त्या वर्षी झाशी शहराच्या बदल्यात किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाले. १९०१ च्या खानेसुमारीत मुरारची वस्ती जेमतेम १९,००० होती. त्यामुळे आमच्या आजेसासूबाईंच्या तोंडी मुरारचे नाव आले की त्यात एक सूक्ष्म नापसंती असे. मुरार म्हणजे गोऱ्यांची छावणी, तेथे आपले कोण? त्यांच्या हयातीत तेथून गोरे जाऊन किती वर्षे झाली होती, हा हिशेब त्यांना पटत नसे.

एकमेकांपासून सहा-सात किलोमीटरांवर दोन छावण्या, एक मराठ्यांची आणि एक इंग्रजांची. दोन्ही उठल्या नाहीत. त्यांच्यामध्ये, किल्ल्याच्या पायथ्याशी, जुने ग्वाल्हेर. २०११ च्या जनगणनेत या तिन्ही मिळून झालेल्या शहराची वस्ती दहा लाखांवर गेली होती. तरीही वर्तमानपत्रे अजून 'उपनगर मुरार' असेच लिहितात आणि मुरारचा माणूस लष्करात यावयाचे झाले की 'बाड्यावर जातो' असे म्हणतो, जणू परगावी निघाला आहे.

घरात हा विषय निघाला तेव्हा काकासाहेबांनी एक गोष्ट बोलून दाखवली. या घराण्यात जाण्याचा प्रश्न प्रथमच आलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. १९४८ साली मध्यभारत झाला तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी राजधानी वाटली गेली. १९५६ साली मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. हायकोर्टाचे खंडपीठ, महालेखापालांचे कार्यालय, महसूल मंडळ अशी काही मोठी कार्यालये येथे राहिली, म्हणून पुष्कळ मराठी घरे वाचली. पण सचिवालयातील मंडळींना जावे लागले. आमच्या गल्लीतून तेव्हा गेलेली घरे काकासाहेब अजून बोटांवर मोजतात. ती घरे 'दोन-तीन वर्षांत परत येऊ' असे सांगून गेली. त्यांची नातवंडे आता भोपाळकर म्हणवतात आणि ग्वाल्हेरीस लग्नकार्यापुरती येतात. काकासाहेबांना यातून काय सुचवावयाचे होते, जावे की न जावे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. ते त्यांच्या स्वभावातच नाही.

मुरार पाहून तर यावे, म्हणून एका रविवारी आम्ही निघालो. ई-रिक्शा बाड्यावरून सुटली, फुलबागेशी आली. तेथे राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. लष्करातील मुलाबाळांना ती इतकी जवळची की शाळेच्या सहलीस तेथे नेले तर मुले रुसतात. पडावाच्या पुलावरून रेल्वे ओलांडली की लष्कर सुटते, असे आम्ही लहानपणापासून मानत आलो. पुलाखालून पूर्वी दोन फुटांच्या रुळांवरची छोटी गाडी श्योपूरला जाई. जवळजवळ दोनशे किलोमीटरांचा तो प्रवास ती दिवसभर करी, छपरावर माणसे घेऊन. माधवराव महाराजांच्या काळाची ती आठवण २०२० साली बंद पडली. पुढे ठाठीपूर, आणि मग मुरार.

मुरारबद्दल खरे सांगावयाचे तर आम्ही नापसंत करण्याची तयारी करूनच गेलो होतो. पण रस्ते रुंद, सरळ. कडुनिंबाची झाडे रस्त्याच्या दोन्ही अंगांस. छावणीच्या भागात जुने बंगले आपापल्या आवारात मागे सरून उभे. लष्करात घर रस्त्यावर ओणवून उभे असते आणि वरच्या गोख्यातून खालच्या भाजीवाल्याशी भाव ठरतो. येथे घर आणि रस्ता यांच्यात एक अदब आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. लष्करात चौकास सरदाराचे, नाहीतर देवाचे, नाहीतर धान्याचे नाव. मुरारला सात नंबर चौराहा. आम्ही रिक्शावाल्यास विचारले, सात नंबर कशाचा? तो म्हणाला, "सात नंबर का, और किसका।" यावर बोलणे खुंटले.

सदर बाजार आम्हांस आवडला. भाजी ताजी, आणि आसपासच्या खेड्यांतून थेट आलेली दिसली. मटारच्या दिवसांत लष्करापेक्षा येथे भाव कमी असावा असा आमच्या सौभाग्यवतींचा अंदाज, आणि या बाबतीत त्यांचा अंदाज आम्ही प्रमाण मानतो. जिल्हा रुग्णालय मुरारलाच आहे. ज्या घरासाठी आलो होतो ते तळमजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे थोडी मोकळी जागा. एकही पायरी नाही. फाटक इतके रुंद की रुग्णवाहिका दारात येईल. घरमालक भिंडकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. मुरारला अशी मंडळी पुष्कळ. त्यांनी आम्हांस चहा दिला आणि विचारले, "आप महाराष्ट्रियन हैं, तो गणेशजी तो बैठाएँगे न?" आम्ही होय म्हटले. "तब ठीक है," ते म्हणाले. भाड्याचा विषय त्यानंतर निघाला.

घरी परतलो तो खरा वाद सुरू झाला. थोरल्या वहिनींचे म्हणणे असे की लष्कर सोडले म्हणजे मराठी सुटली. आपण येथे पाच पिढ्या मराठी बोलतो ते काही पुस्तके वाचून नव्हे. शेजारची काकू ओट्यावर बसलेली असते म्हणून बोलतो. या म्हणण्यात जोर आहे. लष्करात मराठीची पुण्याई मोठी. राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली येथेच वारले. कुसुमावती देशपांडे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या त्या १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनात. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली काढलेले गांधर्व महाविद्यालय लष्करातलेच. तानसेन समारोहाच्या आरंभी सकाळी समाधीपाशी ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा होते आणि मिलाद शरीफही होतो. मराठी कीर्तनकाराच्या परंपरेस असा मान दुसऱ्या कोणत्या शहरात असेल, आम्हांस ठाऊक नाही.

हे सारे खरे. पण ही पुण्याई आणि आमची गल्ली या दोन गोष्टी एक आहेत काय, याचा आम्ही एका रात्री हिशेब मांडला. आमच्या लहानपणी गणपतीत आरतीचा फेरा एका घरून निघे तो अकराव्या घरी संपे. मंत्रपुष्पांजलीस इतके आवाज असत की शेवटचा शब्द गल्लीच्या टोकास ऐकू जाई. आज त्या दरवाजांपैकी मराठी दरवाजे तीन. एकात वृद्ध जोडपे, एकास कुलूप, आणि तिसरे आमचे. गेल्या वर्षी मंत्रपुष्पांजलीस आम्ही चौघे होतो. चौथे होते ते खालच्या दुकानाचे अग्रवालजी. त्यांना ती आमच्या मुलांपेक्षा अधिक शुद्ध येते. मराठी घरे मग गेली कोठे? काही पुण्यास, काही परदेशी. पण उरलेली बहुतेक याच शहरात आहेत, सिटी सेंटरला, ठाठीपूरला, मुरारलाही. आम्ही जेथे राखण करीत बसलो आहोत, तेथून मराठी आधीच उठून गेली आहे, आणि तिने जाताना आम्हांस विचारले नाही. वहिनींना हे पटले नाही. त्या म्हणाल्या, तीन दरवाजे तर तीन, पण दोघे गेल्यावर एक राहील, त्याचे काय? यास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

बाकीच्या गोष्टी लवकर आटोपल्या. पाण्याची चिंता दोन्हीकडे सारखीच. शहराची मुख्य भिस्त तिघऱ्याच्या धरणावर आहे. १९१६ साली बांधलेले आणि दुसऱ्याच वर्षी फुटलेले, मग पुन्हा उभारलेले हे धरण अजून शहराला पाणी देते. उन्हाळ्याच्या बाबतीत वाडा निःसंशय श्रेष्ठ. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा दीड हात जाडीच्या भिंतीत जे सुख आहे ते कोणत्याही कूलरमध्ये नाही. मुरारच्या घराची भिंत एका विटेची.

सर्वांत अवघड प्रश्न देवांचा निघाला. आमच्या देवघरात ज्योतिबा, खंडोबा आणि भवानीचे टाक आहेत, ते दक्षिणेतून आलेले. थोरली पाती वाड्यात, म्हणून देव वाड्यात. आम्ही धाकट्या पातीचे. वेगळे राहावयाचे तर सराफ्यातून नवे टाक घडवून घ्यावेत, असा रिवाज आहे. पण आईंना नवे टाक नको होते, आणि जुने मागण्याचे त्यांच्या मनात नव्हते. त्या नुसत्या गप्प बसत. त्या गप्प बसण्याने घरातली बोलणी महिनाभर थांबली.

मग काकासाहेबांनी गोरखीची आठवण काढली. बाड्यावरचा गोरखी वाडा म्हणजे शिंद्यांचे लष्करातील पहिले राहते ठिकाण. पुढे राजघराणे कंपू कोठीकडे आणि १८७४ साली उभ्या राहिलेल्या जयविलासात राहावयास गेले. पण देवघर गोरखीतच राहिले. दसऱ्यास राजघराण्यातील मंडळी अजून पूजेसाठी गोरखीत येतात. काकासाहेब म्हणाले, "ज्यांच्या पदरी हत्ती होते त्यांनी देव हलवले नाहीत. आपण रिक्शातून कशाला न्यावेत?" आई यावर हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. मग त्यांनी त्यांचा एकच प्रश्न विचारला. मुरारच्या घरास दाराशी बसावयास ओटा आहे काय?

ओटा नव्हता. मोटार उभी करण्याची फरशी होती. आमच्याकडे मोटार नाही.

त्या आठवड्यात आम्ही पुन्हा मुरारला गेलो आणि घरमालकांस विचारले की फाटकाच्या आत, डाव्या हातास, दीड फूट उंचीचा दगडी ओटा स्वखर्चाने बांधून घेतला तर चालेल काय. ते म्हणाले, बांधा, पण जाताना मोडू नका. त्यांच्या मातोश्री खेड्याहून येतात तेव्हा त्यांनाही बसावयास कोठे नसते. फाटकासमोरून जाणारी भाजीवाली कोणत्या भाषेत बोलते, असे आईंनी विचारले होते, म्हणून तेही विचारून आलो. बुंदेलीकडे झुकणारी हिंदी. "मग येते मला," आई म्हणाल्या.

वाड्यातील हिस्सा विकावयाचा नाही, हे ठरले. आमच्या दोन खोल्या थोरल्या वहिनींच्या स्वाधीन, किल्ली त्यांच्याकडे. यंदाचे गणपती वाड्यातच बसतील, गौरीही तेथेच. अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष लागतो आणि त्यात घर हलवीत नाहीत, म्हणून दसऱ्याचा मुहूर्त धरला आहे. भाडेचिठ्ठी अकरा महिन्यांची. देव लष्करात राहतील आणि सणावारी आम्ही त्यांच्याकडे जाऊ. आईंना जिना चढवणार कसे, हा प्रश्न राहतोच. वहिनी म्हणतात, सणापुरते देव तळमजल्यावर उतरवून घेऊ, खालची एक खोली त्यासाठी झाडून ठेवीन. तिचे कुलूप चुलत घराचे आहे, आणि त्याची किल्ली नागपूरला. पत्र टाकले आहे, फोनही केला आहे. मुरारला ओट्याचे काम सोमवारपासून सुरू होईल.